कवळीची गोळी, ट्यूब आणि ब्रश: बेळगावच्या मेडिकलमध्ये मिळणाऱ्या वस्तूंची पारख

बेळगावात खडेबाजारातल्या किंवा टिळकवाडीतल्या एखाद्या मोठ्या मेडिकलमध्ये जाऊन "कवळीसाठी काहीतरी द्या" म्हणा. काउंटरवर बहुतेक वेळा दोनच वस्तू येतात: पाण्यात फसफसणारी गोळी आणि चिकटवायची ट्यूब. निपाणी, संकेश्वर, खानापूरकडे त्यातली एखादी सांगून मागवावी लागते. ब्रश मात्र आपणहून कुणी पुढे करत नाही. आमच्या मते क्रम नेमका उलटा हवा. आधी ब्रश, मग गोळी किंवा पावडर, आणि ट्यूब सगळ्यात शेवटी. तीही कवळी नीट बसते आहे हे दातांच्या डॉक्टरांनी बघितल्यावर.

इथली पारख पूर्ण कवळीपुरती आहे, म्हणजे वरचे-खालचे सगळे दात गेल्यावर बसवतात त्या गुलाबी ॲक्रिलिकच्या जोडीपुरती. अर्धवट कवळीला धातूचा सांगाडा असेल तर काही गोष्टी चालत नाहीत, ते त्या त्या जागी सांगितलं आहे. दर मुद्दाम दिलेले नाहीत, कारण एमआरपी बदलत राहते. पाकिटावरची किंमत गोळ्यांच्या संख्येने भागली की रोजचा खर्च निघतो, आणि मोठं पाकीट खरंच स्वस्त पडतं का तेही कळतं.

ब्रश: यात काटकसर नको

कवळीवर साचतो तो नुसता जेवणाचा उरलेला भाग नसतो. जिवाणू आणि कॅन्डिडा नावाची बुरशी यांचा तो चिकट, बुळबुळीत थर असतो. कवळी बाहेरून चकचकीत दिसते, पण हिरडीला टेकणारी आतली बाजू पॉलिश केलेली नसते. तिला पॉलिश केलं तर माप बिघडेल. त्या खरखरीत बाजूला थर सर्वात जास्त धरतो आणि नेमकी तीच बाजू लोक घासत नाहीत, कारण ती कुणाला दिसत नाही. चूळ भरून हा थर निघत नाही. गोळीच्या फेसाने तो सैल होतो, पण पूर्ण सुटतो तो घासल्यावरच.

कवळीचा खास ब्रश दोन तोंडांचा असतो. एका बाजूला रुंद, सपाट केसांचा गुच्छ, तो दातांसाठी आणि बाहेरच्या भागासाठी. दुसऱ्या बाजूला अरुंद, टोकाकडे निमुळता गुच्छ, तो आतल्या खोबणीसाठी. घेताना दोन गोष्टी बघा. केस मऊ नायलॉनचे हवेत आणि मूठ जाड हवी. संधिवाताने बोटं आखडलेल्या माणसाला बारीक दांडीचा ब्रश धरता येत नाही. असा ब्रश मिळालाच नाही तर बाहेरून नेहमीचा सॉफ्ट टूथब्रश आणि आतून लहान मुलांचा छोटा ब्रश, एवढ्यावर उत्तम भागतं. केस पसरले की बदलायचा, साधारण तीन महिन्यांनी.

ब्रशला काय लावायचं, हा इथला खरा घोळ. टूथपेस्ट नको. तिच्यातले चुन्याचे किंवा सिलिकाचे बारीक कण खऱ्या दाताच्या कठीण आवरणाला सोसतात, ॲक्रिलिक त्याहून कितीतरी मऊ असतं. रोज पेस्टने घासलेली कवळी वर्षभरात निस्तेज दिसू लागते, आणि त्या ओरखड्यांत बुरशीला नवी घरं मिळतात. दंतमंजन, राखुंडी, कोळशाची पूड यांचं तर नावच नको. भांडी घासायचा पातळ साबण दोन-तीन थेंब किंवा हात धुण्याचा साधा लिक्विड साबण पुरतो. नंतर नळाखाली भरपूर धुवायचं, नाहीतर दिवसभर तोंडात साबणाची चव राहते.

घासायच्या आधी बेसिनमध्ये तांब्याभर पाणी साठवा किंवा तळाशी टॉवेल घाला. ओल्या, साबण लागलेल्या हातातून कवळी निसटते, आणि सिरॅमिकच्या बेसिनवर आपटली की दात उडतो किंवा मधोमध तडा जातो. खालची कवळी मुठीत दाबून धरू नका. तिचा आकार नालासारखा असतो, दोन टोकं एकमेकांकडे दाबली गेली की ती मध्येच मोडते. एका बाजूला अंगठा आणि तर्जनीत धरून दुसरी बाजू घासा, मग उलट करा. दोन्ही कवळ्यांना मिळून दोन-तीन मिनिटं लागतात. अर्धांगवायूमुळे एकच हात चालत असेल तर नखं घासायचा रुंद ब्रश रबरी चकतीने बेसिनच्या कडेला चिकटवावा आणि ब्रशवर कवळी फिरवावी. तसा तयार ब्रश आपल्याकडे सहसा मिळत नाही, पण जमवणं अवघड नाही.

गोळी आणि पावडर

बाजारात क्लिन्सोडेंट, पॉलिडेंट, फिटीडेंट ही नावं जास्त दिसतात. क्लिन्सोडेंट पावडरमध्येही येतं. जाहिराती बाजूला ठेवल्या तर या सगळ्यांचं काम साधारण एकाच तत्त्वावर चालतं. सोडा आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात एकत्र आले की फेस येतो, तो थर सैल करतो. परबोरेट किंवा परकार्बोनेटसारखा घटक पाण्यात ऑक्सिजन सोडतो, त्याने डाग फिके होतात आणि जंतू कमी होतात. बरोबर थोडा साबणी घटक आणि सुवास. काहींत प्रथिनांचा थर तोडणारं एन्झाइम असतं. म्हणून कुठला ब्रँड घ्यायचा यावर फार डोकं शिणवू नका, जो तुमच्या गावात नियमित मिळतो तो घ्या. पावडरचा फायदा असा की मात्रा कमी-जास्त करता येते. तोटा असा की पावसाळ्यात, विशेषतः खानापूर-चंदगडकडच्या दमट हवेत, डबीचं झाकण नीट लागलं नाही तर तिचे गोळे होतात आणि फेस येईनासा होतो. तिथे एकेक सुटी सीलबंद गोळी बरी.

वापरायची रीत अशी. कवळी आधी ब्रशने घासून धुवा. घासल्याशिवाय गोळीत टाकणं म्हणजे खरकटं भांडं नुसतं भिजत घालणं. कवळी पूर्ण बुडेल एवढं कोमट पाणी घ्या, साधारण एक मोठा ग्लास. हात घातला तर सोसेल इतपतच गरम. त्यात एक गोळी टाका. पाकिटावर तीन मिनिटं, पाच मिनिटं, रात्रभर, जे लिहिलं असेल ते पाळा. सगळ्या गोळ्यांची वेळ सारखी नसते. मग कवळी काढून पुन्हा ब्रश फिरवा, वाहत्या पाण्यात खळखळून धुवा. उरलेलं पाणी फेका. तेच पाणी दुसऱ्या दिवशी वापरण्यात काही अर्थ नाही, कारण त्याचा जोर तोवर संपलेला असतो.

उकळतं पाणी कधीच नको. "जंतू मरतील" म्हणून कढत पाणी ओतणारे घरोघरी आहेत. ॲक्रिलिक कवळी साच्यात गरम करूनच घट्ट केलेली असते आणि तिच्यात ताण दडलेले असतात. पुन्हा तापली की ते ताण सुटतात, कवळी किंचित वाकते आणि त्या दिवसापासून टाळूला बसत नाही. डोळ्यांना फरक दिसत नाही, तोंडाला कळतो.

आणखी दोन इशारे. गोळी तोंडात ठेवायची नाही आणि गोळीच्या पाण्याने चूळ भरायची नाही. विसरभोळेपणा असलेल्या आज्जी-आजोबांच्या उशाशी औषधांच्या पाकिटांजवळ ही गोळी ठेवूच नका, ती डोकेदुखीच्या विरघळणाऱ्या गोळीसारखीच दिसते. दुसरं म्हणजे काही गोळ्यांत परसल्फेट नावाचं रसायन असतं आणि काहींना त्याची ॲलर्जी असते. हिरड्यांची आग, ओठांना सूज, अंगावर गांधी, दम लागणं असं काही झालं तर गोळी बंद करून डॉक्टरांना दाखवा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००८ मध्ये याबद्दल उत्पादकांना वेष्टनावर इशारा द्यायला सांगितलं होतं. इथली अडचण अशी की बहुतेक पाकिटांवरच्या सूचना बारीक इंग्रजी अक्षरात असतात, आणि ज्यांच्यासाठी गोळी आणली त्यांना ते वाचता येत नाही. घरातल्या कुणीतरी मोठ्या मराठी अक्षरात चार ओळी लिहून डबीला चिकटवाव्यात.

आमचा कौल: रोज घासणं होत असेल तर गोळी रोज वापरावी, परवडत नसेल तर आठवड्यातून दोन-तीनदा तरी. घासणं होत नसेल तर निव्वळ गोळीवर भरवसा ठेवू नका.

घरगुती उपाय, चालणारे आणि न चालणारे

बोअरवेलच्या जड पाण्यावर राहणाऱ्यांच्या कवळीवर पांढरट, खडबडीत खर धरते. राकसकोप-हिडकल धरणांचं पाणी पिणाऱ्यांच्याही कमी प्रमाणात का होईना धरतेच, कारण लाळेतल्या क्षारांचाही त्यात वाटा असतो. जास्त करून ती खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला दिसते, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. सुरी, सुई, ब्लेडने ती खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून कवळी पंधरा-वीस मिनिटं बुडवा, मग ब्रश फिरवा. ताजी खर निघते. जुनी, पिवळी पडलेली निघाली नाही तर दवाखान्यात अल्ट्रासोनिक यंत्रात काढून पॉलिश करून देतात, ते काम थोडक्या वेळाचं आहे. धातूच्या सांगाड्याला व्हिनेगरचं भिजवणं टाळावं.

ब्लीच, म्हणजे कपड्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, बुरशीवर जोरदार काम करतं. पण त्याला नियम आहेत. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, दहा मिनिटांच्या वर कधीच नाही, आठवड्यातून एखाद्या वेळी पुरे. जास्त वेळ ठेवलं तर गुलाबी रंग उडतो. धातू असेल तर मुळीच नको, काळा पडून झिजतो. कवळीत मऊ अस्तर (हिरडीला टेकणारा मऊ थर) बसवलं असेल तर तेही खराब होतं. व्हिनेगरमध्ये ब्लीच मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. क्लोरहेक्सिडिनच्या माउथवॉशमध्येही मिसळू नका, तपकिरी गाळ बसतो.

खाण्याचा सोडा ओल्या ब्रशवर अधूनमधून घेतला तर हलके डाग आणि वास जातो. फार घासायचं नाही.

मिश्रीबद्दल वेगळं सांगायला हवं. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ, आणि त्या पट्ट्यात मिश्री लावणाऱ्या बायका दात पडल्यावरही हिरडीला बोट फिरवत राहतात. कवळीवर तिचे काळसर डाग पडतात, पण ती गोष्ट दुय्यम. तंबाखू हिरडी आणि कवळी यांच्यामध्ये अडकून तासन्‌तास त्वचेला लागून राहतो. पांढरा चट्टा, लाल मखमली डाग किंवा न दुखणारी जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही, तर "कवळी टोचतेय" म्हणून थांबू नका. डॉक्टर ती जागा तपासतील, गरज पडली तर तुकडा काढून तपासायला पाठवतील.

चिकटवायची ट्यूब

फिक्सॉन, पॉलिडेंट, फिटीडेंट, काही क्रीममध्ये तर काही पावडरमध्ये. आमचा विरोध नाही. लाळ कमी असलेल्यांना, नव्या कवळीच्या पहिल्या आठवड्यांत, लग्नकार्यात चारचौघांत जेवायचं असताना धीर येतो. बसणारी कवळी तिने आणखी छान बसते. न बसणारी कवळी मात्र तिने बसत नाही, फक्त बसल्याचा भास होतो, आणि त्या भासात हिरडी घासून घासून खाली जाते.

मात्रा हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. एका कवळीला वाटाण्याएवढे तीन, फार तर चार ठिपके. वरच्या कवळीत डाव्या-उजव्या खोबणीत एकेक, पुढे एक, हवं तर टाळूच्या मध्यावर एक. खालच्या कवळीत तीन. कडेपासून आत, म्हणजे दाबल्यावर बाहेर येणार नाहीत असे. कवळी धुऊन पुसून घ्यायची, बसवून काही सेकंद घट्ट दाबायची, पाच मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही. बाजूने क्रीम बाहेर आली तर मात्रा जास्त झाली असं समजा. पावडरची रीत उलट. कवळी ओली ठेवायची, पातळ थर भुरभुरायचा, उलटी करून टिचकी मारून जास्तीची झाडून टाकायची.

ट्यूब किती दिवस पुरली, हे लिहून ठेवा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांचं प्रमाण असं: वर-खाली दोन्ही कवळ्या असणाऱ्याला ६८ ग्रॅमची ट्यूब सात-आठ आठवडे पुरायला हवी. म्हणजे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम. या हिशेबाने २० ग्रॅमची छोटी ट्यूब साधारण दोन आठवडे जायला हवी. ती पाच-सहा दिवसांत संपत असेल तर ब्रँड बदलू नका, डॉक्टरकडे जा. कवळी सैल झाली आहे हे त्या ट्यूबने तुम्हाला आधीच सांगितलेलं असतं.

जास्त मात्रेत दुसराही धोका आहे. काही क्रीममध्ये झिंक असतं. महिनोन्‌महिने भरमसाट लावलं की पोटात गेलेलं झिंक शरीरातलं तांबं कमी करतं, आणि मग हातापायांना बधिरता, चालताना तोल जाणं, रक्त कमी होणं असे त्रास होतात. ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने २०१० मध्ये आपल्या झिंक असलेल्या क्रीम याच कारणाने बंद केल्या. ट्यूबवर "झिंक-फ्री" लिहिलेलं बघून घ्या. मधुमेह असलेल्यांच्या पायांच्या मुंग्या सगळ्या साखरेवर ढकलल्या जातात, तेव्हा ट्यूबचाही विचार डॉक्टरांच्या कानावर घाला.

रात्री क्रीम हिरडीवरून आणि कवळीवरून पूर्ण काढायची. कोमट मिठाच्या पाण्याची चूळ, मग ओल्या गॉजने किंवा मऊ सुती फडक्याने पुसायचं. फिटीडेंटची क्रीम पाण्यात विरघळणारी नाही, त्यामुळे जेवताना ती टिकते, पण पुसायला वेळ जास्त लागतो. कालच्या क्रीमवर आजची क्रीम लावत गेलं की हिरडीला दुर्गंधीयुक्त पुट चढतं.

या वस्तू घेऊ नका

ऑनलाइन मिळणारे रबरी-फोमचे चिकट पॅड आणि "घरच्या घरी रिलायनिंग" (कवळीचं आतलं अस्तर बदलण्याचे) किट. पॅडची जाडी सगळीकडे सारखी, पण हिरडी सगळीकडे सारखी झिजलेली नसते. त्यामुळे चावताना दात एका बाजूला आधी टेकतात, भार एकाच जागी पडतो आणि तिथलं हाड लवकर झिजतं. कानसने किंवा ब्लेडने कवळी घरी घासणंही तसंच: एक मिलिमीटर चुकीच्या जागी गेला की वरच्या कवळीची हवाबंद कड तुटते आणि ती पडायला लागते.

फेविक्विक तर नकोच. मोडलेले दोन तुकडे त्याने हलके तिरके चिकटतात, मग तंत्रज्ञाला ते पुन्हा नीट जुळवता येत नाहीत. सगळे तुकडे, अगदी उडालेला एक दातसुद्धा, रुमालात बांधून न्या. स्वच्छ तुटलेली कवळी बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जोडून मिळते. पण वरची कवळी मधोमध तुटली असेल तर नुसती जोडणी पुरत नाही. बाजूची हिरडी झिजून मधल्या कडक टाळूवर कवळी हेलकावे खात असते, म्हणून ती तिथे तुटते. अस्तर बदललं नाही तर पुन्हा तिथेच तुटणार.

डबी, रात्र आणि हिरड्या

झाकणाची, आत जाळी असलेली डबी चांगली. नसेल तर स्टीलचा डबाही चालतो. कवळी तोंडाबाहेर असताना पाण्यात बुडालेली हवी, कोरडी पडली की ॲक्रिलिक किंचित आकसतं. साधं पाणी पुरतं, रोज बदलायचं आणि डबी साबणाने धुवायची. कागदात, रुमालात गुंडाळून उशाखाली ठेवलेल्या कवळ्या कचऱ्यात गेल्याची उदाहरणं दवाखान्यात रोज ऐकू येतात. इस्पितळात किंवा वृद्धाश्रमात राहायचं असेल तर कवळी बनतानाच ॲक्रिलिकमध्ये नाव घालून मागा.

रात्री काढायचीच, निदान सहा ते आठ तास. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर झालेल्या पाहणीत झोपताना कवळी ठेवणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त आढळला. कवळीवरचे जंतू झोपेत लाळेबरोबर फुफ्फुसात जातात. टाळू कवळीच्या आकारात लालभडक दिसणं हेही बहुधा रात्रंदिवस कवळी ठेवल्याचंच चिन्ह. दुखत नाही म्हणून कुणी दाखवत नाही. त्यावर डॉक्टर बुरशीनाशक मलम किंवा तोंडात लावायचं औषध देतात, पण कवळीही निर्जंतुक करावी लागते, नाहीतर औषध संपल्यावर पंधरा दिवसांत परत तेच. निस्टॅटिन हे बुरशीवरचं औषध चालू असेल तर त्याच वेळी क्लोरहेक्सिडिनची चूळ नको, दोन्ही एकमेकांचं काम बिघडवतात. ओठांचे कोपरे चिरत असतील तर तीच बुरशी तिथेही पोहोचलेली असू शकते, किंवा कवळी झिजून चेहऱ्याची उंची कमी झालेली असू शकते.

हिरड्या, टाळू आणि जीभ सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रशने किंवा बोटाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याने पुसा. दात नाहीत म्हणून तोंड धुवायचं नाही, ही समजूत सर्वत्र आहे आणि निखालस चुकीची आहे.

खाण्याबद्दल थोडं. कवळीने मिळणारी चावण्याची ताकद नैसर्गिक दातांच्या पाव-पंचमांशाएवढीच. जोंधळ्याची भाकरी आमटीत कुस्करून, दोन्ही बाजूंनी चावत खा. पुढच्या दातांनी तोडायला गेलात तर वरची कवळी मागून सुटते. कुंदा बिनधास्त. गोकाकचा करदंट मात्र डिंकाने कवळी ओढून काढतो. भडंगातले शेंगदाण्याचे कण आणि तीळ खालच्या कवळीखाली शिरले की दिवसभर टोचतात, तेव्हा खाऊन झाल्यावर कवळी काढून धुवायलाच हवी.

सेवा: अस्तर बदलणं आणि नवी कवळी

दात काढल्यावर हाड झिजणं थांबत नाही, आणि खालचं हाड वरच्यापेक्षा साधारण चौपट झिजतं. त्यात खालच्या कवळीला टेकायला मिळणारी जागा वरच्यापेक्षा जवळपास निम्मी, शिवाय जीभ तिला सारखी हलवते. म्हणून "वरची मस्त, खालची उड्या मारते" ही तक्रार जवळपास प्रत्येकाची. सैलपणा घरी तपासता येतो: एका बाजूच्या दाढेवर बोटाने दाबा, दुसरी बाजू उचलली गेली तर कवळी हेलकावते. दात फारसे झिजलेले नसतील तर नवी करण्याआधी अस्तर बदलण्याबद्दल विचारा. जुन्याच कवळीत माप घेऊन आतून नवं ॲक्रिलिक भरतात, कवळी एखाद-दुसरा दिवस द्यावी लागते. खुर्चीतच बसवतात ते मऊ अस्तर काही महिने टिकतं, दुखऱ्या हिरडीला आराम देण्यापुरतं ठीक. पाच-सात वर्षांनी कवळी बदलण्याचा विचार करावा.

नवी करायची तर बेळगावात केएलईचं विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय (नेहरूनगर) आणि मराठा मंडळाचं नाथाजीराव हलगेकर दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. फेऱ्या जास्त होतात, पण पायऱ्या गाळल्या जात नाहीत. पहिलं माप, मग खास ट्रेने कडेसकट दुसरं माप, मेणाच्या पट्ट्यांवर जबड्यांची नोंद, मेणात दात बसवून घेतलेली ट्रायल, आणि शेवटी कवळी: निदान पाच फेऱ्या धरा. एका दिवसात कवळी देणारा यातल्या काही पायऱ्या खातो. कर्नाटकच्या बीपीएल कार्डधारक ज्येष्ठांसाठी "दंत भाग्य" ही मोफत कवळीची सरकारी योजना आहे. सुरुवातीची साठीची अट पुढे शिथिल झाली. कार्ड आणि आधार घेऊन सरकारी दवाखान्यात विचारा. चंदगड-गडहिंग्लजकडून येणाऱ्यांना महाराष्ट्राच्या कार्डावर ती मिळत नाही.

बाजारात बसून कवळी करणाऱ्यांकडे जाऊ नका. टाळूला रबरी चकती लावून चिकटवलेली कवळी पहिल्या दिवशी घट्ट वाटते, पण ती चकती टाळू सतत ओढत राहते आणि वर्षांनी तिथे भोक पडल्याची उदाहरणं आहेत.

मेणातल्या ट्रायलला घाई करू नका, दात हलवण्याची ती शेवटची संधी. घरातलं कुणीतरी बरोबर न्या. साठ ते सत्तर मोठ्याने मोजा. "पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट" म्हणताना वर-खालचे दात एकमेकांवर आपटत असतील तर कवळीची उंची जास्त झाली आहे. "फणस" म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकी लागायला हवी. आवडला नाही तर रंगही तेव्हाच सांगा.

कवळी मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी तपासणी ठरलेली असते, ती चुकवू नका. पुढच्या पंधरवड्यात कुठेतरी टोचणार, हे गृहीत धरा. टोचलं की लोक चार दिवस कवळी काढून ठेवतात आणि मग दाखवायला जातात, तेवढ्यात लाली ओसरून जाते. दवाखान्यात जायच्या आधी निदान चार-पाच तास कवळी तोंडात ठेवा, म्हणजे नेमकं कुठे घासायचं ते डॉक्टरांना दिसतं.